दुखवट्याचं टोपलं

पुतळाबाई ढोमसेबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. तरी मी सांगणार. आमच्या गल्लीत तिचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात, आणि मला मेलीला आवाज खाली आणताच येत नाही. आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं. पट्ट्याच्या खडखडाटावर बोलून बोलून घसा असा झालाय. कुसाबाई माझं नाव. गल्लीतली पोरं मला मागून भोंगा म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही. नाशिक वाढत वाढत पेठ रोडने आलं आणि आम्हाला पोटात घेऊन पुढे गेलं. बागा होत्या तिथं सोसायट्या झाल्या, गेटावर वॉचमन बसले. पण आतलं जुनं गावठाण तसंच आहे. अरुंद गल्ली, समोरासमोर दारं, एका घरात मिरचीची फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागतो. या गल्लीची एक रीत आहे. ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. आता सगळ्यांकडे गॅस आहे, पण म्हणायचं चूलच. मग गल्लीतून टोपलं फिरतं. दर घरातून दोन भाकरी, कोणाचं पिठलं, कोणाची डाळ. ते टोपलं दुखवट्याच्या घरी नेऊन ठेवायचं आणि माणसांना दोन घास खायला लावायचे. सोसायटीवाले म्हणे बाहेरून डबा मागवतात. मागवू देत. आमच्याकडे टोपलं.

हे टोपलं पुतळाबाई फिरवायची. तिला कोणी नेमलं नव्हतं. सासू फिरवायची, सासूनंतर ती फिरवायला लागली, इतकंच. वेताचं मोठं टोपलं, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं. दारात उभी राहायची, तोंडाने काही मागायची नाही. आतली बाई समजायची आणि भाकरी टाकायला बसायची. एखादीने शिळी काढून दिली तर पुतळाबाई ती बोटाने चाचपायची आणि परत तिच्या हातात द्यायची. "ही तुझ्या घरी खा. मयताच्या घरी ताजी लागती." त्या बाईची मान वर व्हायची नाही.

भाकरी बघून ती कोणाच्या हातची ते सांगायची. तसं ते मीही सांगते, गिरणीवालीला पीठ कळलं नाही तर काय उपयोग? पण पुतळाबाईची भाकरी तर आंधळ्यालाही कळेल. उजव्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं. थापताना तिथं दाब पडायचा नाही, म्हणून तिच्या प्रत्येक भाकरीची कड एका जागी जाड राहायची.

माझा नवरा गेला तेव्हा मी दातखीळ बसल्यासारखी झाले होते. भरल्या घरात बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, मी आपली भिंतीला टेकून. पुतळाबाई आली, शेजारी बसली. ना गळ्यात पडली ना समजूत घातली. भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला. म्हणाली, "रडायला बी अंगात जीव लागतो, कुसा. खा." मी खाल्लं. मग जी रडले ती संध्याकाळपर्यंत. गल्लीतल्या किती जणांना तिने असा पहिला घास भरवला असेल, ते माझ्यापेक्षा तेच सांगतील. पण ते आता सांगणार नाहीत.

योगेश तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला, हिने दुसऱ्यांच्या बागांत कामं करून पोराला वाढवलं. पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजात मशीनवर होता, गाडीने रोज जाऊन येऊन करायचा. फार हसरा म्हणावा तर तसा नाही, उदास म्हणावा तर तसाही नाही. दळणाचा डबा गाडीच्या टाकीवर ठेवून यायचा आणि म्हणायचा, "मावशी, जाड नको हां, आई ओरडती." लग्न झालेलं. बायको हर्षाली, गुणाची पोर. लेक आरोही, अंगणवाडीत जायला लागलेली. आणि एका सकाळी त्याने स्वतःचा जीव स्वतः संपवला. कसा, ते मी सांगणार नाही. गल्लीने तेवढंच चवीने सांगितलंय, त्यात माझी भर नको.

पोलीस आले, पंचनामा झाला, सिव्हिलला नेलं. प्रेत घरी यायला दुपार टळली. एरवी आमच्याकडे कोणी गेलं की दारात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी माणसं होती, नाही असं नाही, पण गल्लीच्या तोंडाशी. हाताची घडी घालून, लांब. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणाची म्हातारी गेली तरी हात जोडल्याच्या चित्रांनी फोन भरून जातो. योगेश गेला त्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर नाही. कोणीतरी सकाळी सुप्रभातचं फूल टाकलेलं, ते तसंच दिवसभर.

गल्लीच्या तोंडाला निवृत्तीभाऊंचं घर. दुमजली, दारात ट्रॅक्टर, बागेच्या फवारणीचा ब्लोअर. गल्लीत कोणाचं काही अडलं की त्यांच्या ओट्यावर जायचं, असा शिरस्ता. त्यांनी पुतळाबाईला बाजूला बोलावलं. मी तिथंच होते. म्हणाले, "वैनी, अटॅक म्हणा. वयात काय, आजकाल कोणालाबी येतो. आपण सांभाळून घेऊ. नातीचं पुढं बघायचंय."

माणूस वाईट हेतूने बोलत होता असं मी म्हणणार नाही. पण पुतळाबाई ऐकणारी नव्हती. म्हणाली, "पोरगं गेलं ते गेलं, भाऊ. आता ते कसं गेलं ते बी मीच पुसून टाकू? उद्या मलाच वाटायला लागंल अटॅक होता म्हणून." आणि जो कोणी विचारील त्याला तिने सरळ सांगितलं, पोराने जीव दिला. तिच्या सगळ्या हालाला तिथून सुरुवात झाली. खोटं बोलली असती तर गल्लीने तिला पदराखाली घेतलं असतं, हे मी आजही सांगते.

त्या दिवशी टोपलं फिरलं नाही. नंतर सगळ्यांनी एकच सांगितलं, अहो, टोपलं फिरवणारीच आत बसलेली, मग फिरवणार कोण? ऐकायला किती बरं वाटतं ना. टोपलं काय देवळातली पालखी होतं, की दुसऱ्याने उचललं तर विटाळेल? खरं कारण बायका नळावर बोलत होत्या. अशा मरणाच्या घरात भाकरी नेली की ते मागं लागतं. आणि पोलिसांनी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं?

मी घरी गेले, चार भाकरी टाकल्या, पिठलं केलं आणि घेऊन गेले. हर्षाली पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, डोळ्यांत पाणी नाही. पुतळाबाईने फडकं उघडलं. एकेक भाकरी उचलली, उलटून बघितली, खाली ठेवली. चारही बघितल्या. मग म्हणाली, "सगळ्या तुझ्याच का गं?"

मला खोटं बोलता आलं नाही. बोलून फायदाही नव्हता, तिला काय भाकरी कळत नव्हत्या? मी मान हलवली. तिने एक मोडली, हर्षालीला भरवली, आरोहीला भरवली, स्वतः घास घेतला आणि कितीतरी वेळ चघळत राहिली. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

निवृत्तीभाऊंची बायको सुलाबाई. सुलाबाई आणि पुतळाबाई एकाच वर्षी या गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या. धुणं एकत्र, बागेत द्राक्षांच्या विरळणीला जाणं एकत्र, बाळंतपणंही मागंपुढं. ती चार-पाच दिवसांनी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरच बसली. थोडा वेळ डोळ्याला पदर लावला आणि मग म्हणाली, "पण पुतळा, कारण काय गं? उगीच कोणी जीव देतं का? घरात काहीतरी असल्याबिगर? तू आई ना त्याची, तुला कळलं नाही?"

"नाय कळलं," पुतळाबाई म्हणाली.

"असं कसं कळत नाही?" सुलाबाईने हर्षालीकडे बघितलं. नुसतं बघितलं, बोलली नाही, पण त्या बघण्यात सगळं होतं. पुतळाबाई उठली आणि सुनेला चिकटून बसली. त्यावर गल्लीत काय काय झालं ते विचारू नका. सासू सुनेला बोल लावत नाही म्हणजे सासूचंच काहीतरी असणार. कोणी म्हणे बाहेर भानगड होती, कोणी म्हणे पीत होता, कोणी म्हणे आईच तोंडाळ. ज्या बाईने कधी दारात उभं राहून भाकरीसुद्धा तोंडाने मागितली नाही, ती तोंडाळ!

कारण तर ती स्वतःच शोधत होती. गिरणीवर दळण घेऊन यायची, पोत्यावर बसायची, पट्ट्याचा आवाज असला की बोलायची. दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "कुसा, मी रोज त्याच्या शर्टाचे खिसे बघते. तेच खिसे. फोन हर्षालीने उघडून बघितला, कामाच्या गोष्टी सोडून काय नाय. त्या सकाळी त्याने चहा पिला. कपबशी मोरीत ठेवली. मी म्हणलं, विसळून ठेव की रे, तर त्याने विसळून ठेवली. एवढंच झालं आमच्यात. त्यात काय असंल?" मी म्हणायची, काही नाही आक्का त्यात. ती म्हणायची, "मग कशात हाय?" आणि पीठ भरून झालं की डबा डोक्यावर घेऊन निघून जायची.

त्या वर्षी पावसाळ्याआधी गल्लीतले पुंजाबाबा गेले. नव्वदीला टेकलेले, सोन्यासारखं मरण. टोपलं आता सुलाबाईने हातात घेतलं. पुतळाबाईला ना कोणी विचारलं ना सांगितलं. नवीन टोपलं आणलं, प्लॅस्टिकचं, निळं. ठीक आहे, तेही तिने मनावर घेतलं नाही. तिने सकाळीच उठून दोन भाकरी केल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि दारात उभी राहिली. मी माझ्या गिरणीतून बघत होते. सुलाबाई आली ती शेजारच्या दारात थांबली, भाकरी घेतल्या, आणि मग पुतळाबाईच्या दारावरून अशी गेली की जणू तिथं दार नाही, भिंत आहे. पुढच्या दारात पुन्हा थांबली.

पुतळाबाई हातात फडकं घेऊन तशीच उभी. आरोहीने तिचा पदर ओढला. "आजी, आपली भाकरी कोण खाणार?" पुतळाबाईने त्या भाकरी गल्लीच्या शेवटी गाईला घातल्या.

मला राहवलं नाही. गिरणी बंद केली आणि सुलाबाईला वाटेतच गाठलं. तिथं मी जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. ती बिचारी कावरीबावरी झाली. निवृत्तीभाऊ ओट्यावरून उतरले. म्हणाले, "कुसाबाई, ओरडू नका. पुंजाबाबांच्या घरच्यांनीच सांगितलंय, तसल्या घरची भाकरी नको. आम्ही काय करणार? त्र्यंबकला विधी करून घ्या म्हणावं त्यांना. अशा मरणाला तोच उपाय हाय. मग आपण सगळ्यांशी बोलू."

पुतळाबाईला मी म्हणाले, जाऊ नकोस. ती गेली. पांढरं लुगडं नेसून बसली, भटजींनी सांगितलं ते सगळं केलं. मला म्हणाली, "मला त्यांच्यात बसायचं नाय, कुसा. मला कोणी हळदीकुंकवाला बोलवू नये, सणाला बोलवू नये. पण टोपलं माझ्या दारात थांबावं. एवढंच. मी कोणाच्या दुःखात दोन भाकरी देऊ शकत नाय, तर मग मी या गल्लीत राहते तरी कशाला? आणि ही पोर मोठी होईल, तिला काय सांगू, आपलं दार लोकांना दिसत नाय म्हणून?"

विधी झाला. त्यानंतर गल्लीत आणखी एक म्हातारी गेली. पुतळाबाई भाकरी घेऊन दारात. टोपलं आलं आणि गेलं. या वेळी सुलाबाईने तोंड वळवलं नाही, खाली घातलं, एवढाच काय तो फरक विधीने पडला. त्या दिवसापासून पुतळाबाईने आपलं वेताचं टोपलं माळ्यावर टाकलं. गिरणीवर यायची, पण पोत्यावर बसायची नाही. दळण झालं की निघायची. मला तिची काळजी वाटायला लागली, खरं सांगते. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात डोकावून यायची. हर्षाली आता द्राक्षं भरायच्या एका पॅकहाऊसला कामाला जायला लागलेली, घरात आजी आणि नात.

आणि मग या थंडीत निवृत्तीभाऊंचा रविराज गेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार, घरातला लाडका. सगळ्यांना वाटायचं, या घरात काय कमी आहे?

सकाळी ग्रुपवर आलं, चिरंजीव रविराज याचे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन. खाली हात जोडलेले. पण तोवर गल्लीला सगळं कळलं होतं. पोलिसांची गाडी मागच्या बाजूने आली, तरी गाडीच ती, खिशात घालून आणता येत नाही. सिव्हिलला नेलं, तेही सगळ्यांनी बघितलं. माणसं पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, हाताची घडी घालून. फरक इतकाच की या वेळी गल्लीचं तोंड म्हणजे त्यांचंच घर होतं, म्हणून ती जरा मागं सरकून उभी राहिली. आणि टोपलं फिरवणारी पुन्हा आत बसलेली.

मला लाज वाटली पाहिजे, पण माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. मनात आलं, आता कळेल. आता कळेल सुलाबाईला. मग मला त्या पोराचा चेहरा आठवला, गिरणीच्या दारात सायकल आपटून पळणारा.

दुपारी मी पीठ मळायला घेतलं, म्हटलं योगेशच्या वेळी नेल्या तशा याही घरी आपण चार भाकरी नेऊ. तेवढ्यात आरोही आली. "आजी बोलावती." जाऊन बघते तर पुतळाबाईने माळ्यावरून टोपलं काढलेलं. धुतलेलं, पुसलेलं, वर पांढरं फडकं. तिच्या दोन भाकरी तळाला ठेवलेल्या.

"आक्का, तू?" मी म्हणाले.

"चल माझ्यासंगं. माझ्या एकटीच्या हातात कोणी टाकायचं नाय."

आम्ही पहिल्या दारात थांबलो. आतली बाई बाहेर आली, पुतळाबाईला बघून तिचा चेहरा उतरला. "नाही म्हणजे, आम्ही अजून काही केलं नाही," म्हणायला लागली. पुतळाबाईने जन्मात पहिल्यांदा दारात उभं राहून तोंडाने मागितलं. "अटॅकच होता ना? ग्रुपवर आलंय. मग अटॅकच्या घरी भाकरी द्यायला तुमच्यात काय नवीन रीत निघाली का?"

भाकरी द्यायची नाही म्हटलं तर निवृत्तीभाऊंचं खोटं उघडं पाडल्यासारखं होतं. ती बाई आत गेली आणि तवा ठेवला. पुढच्या दारात तसंच. त्याच्या पुढच्या दारातही. मी मागं उभी राहून बघत होते आणि मला टाळ्या वाजवाव्या वाटत होत्या. ज्यांनी तिच्या पोराच्या वेळी दारं लावली, त्यांच्याच तोंडातला शब्द घेऊन ती त्यांच्याकडून भाकरी काढत होती. टोपलं भरलं. सगळ्या गल्लीच्या भाकरी होत्या त्यात, एकही घर सुटलं नाही.

निवृत्तीभाऊंच्या ओट्याशी आलो. ते खांबाला धरून उभे होते. माणूस एका दिवसात असा खंगतो ते मी बघितलं. त्यांनी पुतळाबाईला बघितलं, टोपलं बघितलं, आणि दोन्ही हात जोडले.

"वैनी, तुम्ही नको."

ती थांबली.

"तुम्ही टोपलं घेऊन आत गेलात तर लोक काय समजतील? आमच्या पोरीला, साक्षीला बघायला माणसं यायची हायेत. तुमचं वेगळं होतं. आमच्याकडं," त्यांचा आवाज फाटला, "आमच्याकडं अटॅक होता."

आता सांगते ते मला वाटलं नव्हतं. मला वाटलं ती त्यांना ऐकवेल. तिला हक्क होता. गिळून ठेवलेला प्रत्येक शब्द तिला तिथं ओकता आला असता, आणि मीच नाही तर सगळी गल्ली ऐकायला उभी होती. जिने स्वतःच्या पोरासाठी ते खोटं कधी तोंडातून काढलं नाही, त्यापायी वाळीत पडली, ती बाई त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अटॅकच होता, भाऊ. कोण नाय म्हणतंय? माझ्यासमोर कोणी दुसरं बोललं तर मीच सांगंन, अटॅक होता म्हणून." आणि टोपलं माझ्या हातात दिलं. "कुसा, तू ने. सुलाने सकाळपासनं पाणी बी घेतलं नसंल."

मी आत गेले.

सुलाबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, कुठंच न बघणारे. साक्षी तिच्या पायाशी. चारदोन बायका होत्या, सगळ्या माहेरच्या. मी शेजारी बसले, तुकडा मोडला, तिच्या तोंडापुढं धरला. म्हटलं, वहिनी, रडायला पण अंगात जीव लागतो. ते माझ्या तोंडून बरोबर निघालं नाही. भोंग्याच्या आवाजात कसं निघणार? तिने तोंड उघडलं नाही.

मग तिची नजर टोपल्यावर गेली. तिने हात घातला आणि एकेक भाकरी बाजूला करायला लागली. आधी मला कळेना काय करतेय. वरच्या काढल्या, मधल्या काढल्या, तळाशी गेली. एक भाकरी हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवत आणला आणि एका जागी थांबला. जाड जागेवर.

"बाहेर हाय का ती?" सुलाबाईने विचारलं.

"हाय. ओट्याच्या खाली."

आता बोलाव म्हणेल, असं मला वाटलं. ती म्हणाली नाही. तिने नवऱ्याच्या दिशेने दाराकडे बघितलं, मग साक्षीकडे बघितलं, आणि मान खाली घातली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने ती भाकरी मोडली आणि कोरडीच खायला लागली. डाळ नको, काही नको. निम्मी खाल्ली असेल. मग एकदम माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"कुसा, तिला विचार. हळूच विचार." तिचा आवाज कसाबसा बाहेर येत होता. "तिला कारण सापडलं का? योगेशचं? सापडतं का नंतर?"

मी बाहेर आले. माणसं अजून लांब उभीच होती. पुतळाबाई ओट्याच्या खाली, सावली सोडून उन्हात उभी, कोणाच्या मध्ये येऊ नये अशी. मला बघून दोन पावलं पुढं आली.

"खाल्ली का?"

"खाल्ली," मी म्हणाले. "तुझीच खाल्ली. टोपल्यात हात घालून शोधून काढली."

तिने डोळे मिटले. तोंडावर पदर दाबला. योगेश गेल्यापासून गल्लीत उभी राहून ती पहिल्यांदा रडली, आवाज न करता. मी तिच्या कानाशी गेले आणि आयुष्यात जमलं नाही इतक्या हळू आवाजात म्हटलं, "आक्का, ती विचारती, तुला कारण सापडलं का. नंतर सापडतं का म्हणून."

पुतळाबाईने पदराने तोंड पुसलं. त्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "सांग तिला, नाय सापडत."

मी वळले, तर तिने मागून माझा हात धरला.

"आज नको सांगू. आज जेवू दे तिला."

मग ती तिथंच उन्हात उभी राहिली, टोपलं रिकामं होऊन येईपर्यंत.